वाचकांचे प्रश्न : चित्रवही, तालीम, ठेका आणि ललितेतर लेखन

चरित्र, रिपोर्ताज (म्हणजे प्रत्यक्ष जाऊन, बघून केलेलं वृत्तलेखन), विज्ञान, इतिहास असं ललितेतर लिहिणाऱ्या किंवा लिहू पाहणाऱ्या वाचकांसाठीचं हे सदर. या वेळच्या टपालात एकच शंका निरनिराळ्या तोंडून आली आहे. लहानपणी एखादी कला मन लावून केली, आता लिहायला बसलो, तर त्या कलेचा उपयोग होतो की ती मध्ये मध्ये येते? पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : शाळेपासून मी चित्रं काढत आले. आता बंद पडलेल्या आणि बंद पडत चाललेल्या कारखान्यांवर लेख लिहिते. संपादक म्हणतात, वर्णन सुरेख आहे पण लेख जागचा हलत नाही. चित्रकलेची सवय आड येते आहे का?

संपादकांचं बरोबर आहे आणि तुमचा संशयही निम्मा बरोबर आहे. चित्र बघणारा सगळं एकदम बघतो, मग नजर नेईल तिकडे हिंडतो. वाचकाला ही मोकळीक नसते. तुम्ही ज्या क्रमानं शब्द ठेवाल त्याच क्रमानं त्याला चालावं लागतं. चित्रकलेतून आलेले लेखक नेमके इथे अडकतात: त्यांना सगळं दिसतं म्हणून ते सगळं सांगतात, आणि प्रत्येक गोष्टीला सारखंच वजन देतात. कागदावर पेन्सिल चालवताना तुम्ही असं कधी केलं नसेल. सर्वांत गडद छटा आणि सर्वांत उजळ छटा जिथे शेजारी येतात तिथे नजर ओढली जाते, हे तुमच्या हाताला पक्कं ठाऊक आहे. बाकीचं चित्र तुम्ही मुद्दाम दबतं ठेवता. लिहिताना हे सुटतं, कारण शब्द खर्च होताना दिसत नाहीत.

तेव्हा चित्र सोडू नका, ते लेखनाच्या आधी आणा. कारखान्यात गेल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटं फोनचा कॅमेरा बंद. कोरे कागद आणि एक टूबी पेन्सिल पुरे. तीन रेखाटनं करायची. पहिलं वरून बघितल्यासारखं: भिंती, दारं, यंत्रं आणि माणसं कुठून कुठे जातात त्याचे बाण. याला पाच मिनिटं. दुसरं एका जागी उभं राहून, चार-पाच मोठे आकार आणि उजेड कुठून येतो तेवढंच. याही वेळी पाचच मिनिटं, नाहीतर तुम्ही तपशिलात शिराल. तिसरं एकाच वस्तूचं, दहा मिनिटं, शक्यतो कागदाकडे न बघता. नजर वस्तूच्या कडेवरून पेन्सिलच्या वेगानं सरकवत न्यायची. हे चित्र वेडंवाकडं येतं, यायलाच हवं. ते छान यायला लागलं की समजावं, हात सवयीनं चाललाय आणि डोळा थांबलाय.

पहिल्या रेखाटनातून लेखाचा रस्ता सापडतो, म्हणजे वाचक कुठल्या दारानं आत येणार आणि कुणाच्या मागोमाग चालणार. दुसऱ्यातून काय गाळायचं ते कळतं. तिसऱ्यातून बहुधा ते एक वाक्य हाती लागतं, ज्यासाठी परिच्छेद लिहायचा. त्याच संध्याकाळी बसून १५० शब्द लिहा, जास्त नाही. त्यातले निम्मे तिसऱ्या रेखाटनातल्या वस्तूला, उरलेल्यांत बाकी सगळं. एका नामामागे एकाहून जास्त विशेषणं दिसली तर दुसरं काढा.

चित्रकलेतली आणखी एक सवय लेखकाला फार उपयोगी पडते, आणि तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही: वस्तू न काढता वस्तूंमधल्या मोकळ्या जागा काढणं. बातमीदार नजरेला असलेलं दिसतं. नसलेलं दिसायला सराव लागतो. 'कामगारांची संख्या आता बरीच रोडावली आहे' या वाक्याचं वाचक काही करू शकत नाही. 'भिंतीवर बारा खुंट्या होत्या. तीन खुंट्यांवर शिरस्त्राणं, बाकीच्या नऊ खुंट्यांवर धूळ' हे वाचल्यावर वेगळं सांगावं लागत नाही. मात्र खुंट्या मोजलेल्या हव्यात. अंदाजे बारा चालणार नाहीत.

रेखाटन बघायला भाग पाडतं, याची जुनी साक्ष आहे. सॅम्युएल स्कडर या कीटकशास्त्रज्ञानं १८७४ मध्ये आपल्या विद्यार्थिदशेतली एक हकिगत प्रसिद्ध केली. लुई अगासी या प्राध्यापकांनी त्याच्यापुढे एक मासा ठेवला आणि बघत राहायला सांगितलं. भिंग वापरायला मनाई. तासन्‌तास बघून कंटाळल्यावर त्यानं माशाचं चित्र काढायला घेतलं आणि तेव्हा कुठे नव्या गोष्टी दिसायला लागल्या. पेन्सिल हा एक उत्तम डोळाच आहे, असा शेरा प्राध्यापकांनी त्यावर मारला. सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाचं तर अख्खं आयुष्य याच वाटेनं गेलं. त्याला चित्रकार व्हायचं होतं, वडिलांना ते मुळीच पसंत नव्हतं. वडिलांनी त्याला शरीररचना शिकवायला हाडं पुढ्यात ठेवली आणि तो ती रेखाटत बसला. पुढे चेतापेशींवरच्या कामासाठी १९०६ चं नोबेल मिळालं. त्याच्या हातची चेतापेशींची चित्रं आजही छापली जातात. आत्मचरित्र, तरुण संशोधकांसाठी सल्ल्याचं पुस्तक, रंगीत छायाचित्रणावरचं पुस्तक असं त्याचं ललितेतर लेखनही बरंच आहे.

राहिला लेख न हलण्याचा मुद्दा. वर्णनाच्या प्रत्येक परिच्छेदाखाली पेन्सिलनं एक ओळ लिहा: हे वाचून वाचकाला कोणता प्रश्न पडेल? 'नऊ माणसं कुठे गेली?' असं काही सुचलं तर पुढच्या परिच्छेदानं त्याच्याकडे जायचं. काहीच सुचलं नाही तर तो परिच्छेद चित्रवहीत ठेवा. तिथे तो शोभेल.

प्रश्न : बरीच वर्षं हौशी रंगभूमीवर कामं केली, दोन-तीन नाटकं बसवलीही. आता एका जुन्या संपाची हकिगत पुस्तकरूपानं लिहितो आहे. प्रसंग मुळातच नाट्यमय आहेत. संवाद किती प्रमाणात रचावेत?

एकही रचू नये. अवतरणचिन्हांत जे येईल ते एक तर ध्वनिमुद्रणात असावं, नाहीतर त्याच वेळी घेतलेल्या टिपणात, नाहीतर पत्र, इतिवृत्त, जबानी अशा कागदात. पन्नास वर्षांपूर्वीचं बोलणं आज कुणी सांगितलं तर ते त्याची आठवण म्हणून, अवतरणचिन्हांशिवाय द्यावं: 'त्यांना आठवतं त्याप्रमाणे सेक्रेटरी म्हणाला की...'. यानं नाट्य थोडं कमी होतं, हे मान्य. पण एकदा वाचकाला एक संवाद बनावट आहे असा वास आला की त्याचा खऱ्या संवादांवरचाही विश्वास उडतो, आणि तो परत मिळत नाही. अमेरिकी लेखक ट्रुमन कपोटी यांनी 'इन कोल्ड ब्लड' हे खऱ्या हत्याकांडावरचं १९६६ चं पुस्तक संपूर्ण सत्य असल्याचा दावा केला होता. शेवटचा दफनभूमीतला प्रसंग त्यांनी कल्पनेनं रचला होता, हे नंतर चरित्रकारानं उघड केलं. आज त्या पुस्तकावर बोलणं निघालं की त्या प्रसंगाचं नाव आल्याशिवाय राहत नाही.

दोन-तीन माणसं मिसळून एक पात्र करण्याचाही मोह नाटकवाल्यांना फार. काहालनं सूक्ष्मदर्शकाखाली अनेक काचपट्ट्यांत पाहिलेलं एका चित्रात आणलं तर चालतं, कारण ते एका प्रकारच्या पेशीचं चित्र आहे. माणूस हा 'प्रकार' नसतो. नाव बदला आणि बदलल्याचं सांगा. माणसं मिसळू नका. दिवसही मिसळू नका: तीन सभांमधलं एका सभेत घातलं की संपाचा निर्णय प्रत्यक्षात जितका रेंगाळला त्याहून झटपट झाल्यासारखा दिसतो, आणि इतिहासच बदलतो.

एवढं नको म्हटल्यावर आता तुमच्याकडे आहे काय ते बघू, कारण ते बरंच आहे. दिग्दर्शक म्हणून तुम्ही हालचाली बसवल्या आहेत. मुलाखतीत तेच प्रश्न विचारा. तुम्ही कुठे उभे होता? हातात काय होतं? दार उघडं होतं का? त्या खोलीत आणखी कोण होतं, आणि बोललं नाही असं कोण? 'तुम्हाला कसं वाटलं?' या प्रश्नाला लोक आज जे वाटतं ते सांगतात. 'कुठे उभे होता?' या प्रश्नाला ते त्या खोलीत परत जातात. कागद पुढे करून त्यांनाच खोलीचा नकाशा काढायला सांगा. तीन जणांकडून तीन नकाशे घ्या, एकमेकांचे न दाखवता. टेबल तिघांच्याही नकाशात एकाच भिंतीला असेल आणि माणसांच्या जागा वेगळ्या असतील, तर काय पक्कं आणि काय डळमळीत ते डोळ्यांपुढे येतं. नकाशावर तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव लगेच घाला. आठवड्यानं तिन्ही सारखेच दिसतात.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपलं वाक्य तयार ठेवणारा नट कसा वाटतो, हे तुम्हाला माहीत आहे. मुलाखत घेणारे सर्रास तेच करतात. उत्तर संपलं की मनात पाच आकडे मोजा. शांतता बहुतेकांना सोसवत नाही, आणि ती मोडायला माणूस जे बोलतो ते तयार उत्तरापेक्षा कामाचं असतं.

तासाभराचं ध्वनिमुद्रण ऐकून कागदावर उतरवायला साधारण चार तास लागतात, हे वेळापत्रकात धरा. यंत्राकडून उतरवून घेतलं तरी निदान कळीचे भाग स्वतः ऐकत उतरवा. यंत्र अडखळणं, मध्येच विषय बदलणं, लांब श्वास हे सगळं साफ करून टाकतं. आणि संहितेपेक्षा विरामात जास्त असतं हे नाटकवाल्याला सांगायला नको.

मसुदा तयार झाला की तीन रंगांच्या पेनांनी बसा. कागदाचा आधार असलेली वाक्यं हिरवी, दोन स्वतंत्र माणसांनी सांगितलेली निळी, एकाच माणसानं सांगितलेली पिवळी. बिनरंगी उरलेली वाक्यं तुमची स्वतःची. त्यांतली काही मतं असतील, ती राहू द्या. घटना असतील तर काढा. पिवळ्याचं प्रमाण कुठल्या प्रकरणात फार वाढलंय का, तेही तपासा. नट-लेखकांचा एक ठरलेला दोष त्यात सापडतो: झकास बोलणारा एखादा कार्यकर्ता पुस्तक बळकावतो. त्याची वाक्यं चांगली असतात म्हणून तो पानं खातो, आणि प्रत्यक्षात महिनोन्‌महिने वर्गणी गोळा करणारा अबोल माणूस दोन ओळींत आटपतो. सरळ पानं मोजा.

पूर्ण उभे केलेले प्रसंग किती असावेत? साठ हजार शब्दांच्या पुस्तकाला आमच्या मते बारा-पंधरा पुरेत. बाकी निवेदन. सगळंच रंगमंचावर आणलं की पैसा, कायदा, आकडे विंगेतच राहतात, आणि संप बहुतेक वेळा त्यांच्यामुळेच झालेला असतो.

प्रश्न : दहा वर्षं तबला शिकलो. अर्थशास्त्रावर सोपं लिहायचा प्रयत्न आहे. मित्र म्हणतात, 'तुझी वाक्यं वाजतात.' ही स्तुती समजू का?

जपून. लयीचा कान ही मोठी ठेव आहे, पण तबलजींच्या गद्यात एक खोड हमखास येते: प्रत्येक परिच्छेदाला तिहाई. एकच गोष्ट तीन वेळा फिरवून शेवटचा शब्द समेवर आणून आपटायचा. मैफलीत दाद मिळते. अर्थशास्त्राच्या लेखात चौथ्या परिच्छेदापासून वाचक आशय सोडून टाळीची वाट बघायला लागतो. तपासायला सोपं आहे. प्रत्येक परिच्छेदाचं शेवटचं वाक्य झाकून वाचा. परिच्छेद तरीही उभा राहत असेल तर ते वाक्य फक्त वाजत होतं.

याहून धोक्याचा आहे तो तिसऱ्या कलमाचा मोह. महागाईची दोन कारणं तुमच्याकडे आकडेवारीसकट आहेत, पण 'अमुक आणि तमुक' म्हटलं की वाक्य लंगडं वाटतं, म्हणून कानाच्या समाधानासाठी तिसरं कारण चिकटतं. आकड्यांचंही तसंच: ३७.४ ऐवजी 'जवळपास चाळीस' म्हणायला बरं वाटतं. लयीसाठी वाक्याची रचना बदला, शब्द बदला. संख्या आणि कारणं यांना हात लावू नका.

आता चांगला उपयोग. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, आणि जोर पडतो तो क्रियापदाच्या लगेच आधीच्या जागेवर. 'व्याजदर बँकेनं वाढवला' आणि 'बँकेनं व्याजदर वाढवला' यांत माहिती एकच, पण पहिल्यात कुणी ते ठसतं आणि दुसऱ्यात काय ते. तुमच्या कानाला हा फरक आधीच ऐकू येत असणार. मसुद्याच्या एका पानावर प्रत्येक वाक्यातला तो क्रियापदाआधीचा शब्द अधोरेखित करा. नुसतं अधोरेखित शब्द वाचून परिच्छेदाचा मुद्दा कळला पाहिजे. 'प्रमाणात', 'स्वरूपाची', 'दृष्टीनं' असले शब्द तिथे बसलेले दिसले तर ती जागा वाया गेली.

पान मोठ्यानं वाचा आणि श्वास घ्यावा लागेल तिथे तिरकी रेघ मारा. पंचवीस शब्दांत रेघ आली नाही तर वाक्य तोडा. सलग चार वाक्यं 'आहे'वर संपली तर ठेका एकसुरी होतो. एखादं वाक्य भूतकाळी क्रियापदावर न्या, एखादं क्रियापदाशिवाय सोडा. आणि विषय अवघड झाला की लय उतरवा. चलनवाढ समजावताना वाक्यं आखूड, एका वाक्यात एकच नवी संज्ञा. ओळखीचा भाग आला की मग सुटा. बहुतेक लेखक नेमकं उलट करतात: सोपं असतं तिथे रेंगाळतात आणि अवघड भाग एका लांबलचक वाक्यात उरकून टाकतात, कारण तो त्यांनाही लवकर संपायला हवा असतो.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची आहे. किड्यांची चित्रं काढते आणि त्याखाली लांबलचक काहीबाही लिहिते. तिला चित्रकलेच्या वर्गाला घालू की लेखनाच्या शिबिराला?

तूर्त दोन्ही नको. तिचं जे चाललंय त्यात चित्र आणि मजकूर एकाच पानावर आहेत. वर्गात गेलं की ते वेगळे होतात. मारिया सिबिला मेरियन या किड्यांची चित्रं काढणाऱ्या जर्मन चित्रकर्तीचं उदाहरण तुमच्या मुलीला जरूर सांगा. १६४७ चा जन्म. सावत्र वडील फुलांची चित्रं काढणारे, त्यांच्याकडून ती चित्रं शिकली. तेराव्या वर्षी रेशीमकिड्यांची निरीक्षणं सुरू केली. १६७९ मध्ये सुरवंटांवरचं पुस्तक काढलं आणि १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, किडे बघायला धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. तिथल्या कीटकांवरचं तिचं पुस्तक १७०५ चं. सुरवंट, कोश, पाखरू आणि ते ज्यावर जगतात ती वनस्पती हे सगळं ती एकाच चित्रात मांडे. चित्राची मांडणी हाच तिथे युक्तिवाद होता: हे सगळे एकच प्राणी आहेत आणि ते याच झाडावर वाढतात.

तुम्ही करायचं ते इतकंच. जाड कागदाची, शिवलेली वही द्या; सुट्या पानांचा क्रम हरवतो. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, जागा आणि किड्याची लांबी मिलिमीटरमध्ये, एवढ्या चार गोष्टींची सवय लावा. शुद्धलेखन दुरुस्त करू नका. 'किती छान!' याऐवजी 'याला पाय किती होते?' असं विचारा. तिनं वहीत बघून उत्तर दिलं तर ठीक. वहीत नसेल तर ती पुन्हा किडा शोधायला जाईल. चौदा-पंधराव्या वर्षी ती स्वतःच सांगेल कशाचा वर्ग हवा आहे.

प्रश्न : छायाचित्रणाची आवड असल्यानं प्रवासात शेकडो फोटो काढतो आणि घरी येऊन त्यावरून लिहितो. लेख फोटोंच्या ओळींसारखे होतात. काय चुकतं?

फोटोत आवाज नाही, वास नाही, आणि आधी काय झालं तेही नाही. फोटोवरून लिहिलं की लेखातही ते येत नाही. क्रम उलटा करा: त्याच रात्री फोटो न बघता एक पान लिहा, मग फोटो उघडून फक्त तपासा. पाटीवरचा मजकूर, रंग, संख्या, कोण कुणाच्या डावीकडे. फोटोवरची वेळ घटनाक्रम लावायला सोन्यासारखी, पण प्रवासाला निघताना कॅमेऱ्याचं घड्याळ तपासलेलं हवं. एक तास पुढे असलेल्या घड्याळानं लेखातली दुपार सगळीच चुकते.

प्रश्न : मी शास्त्रीय गायन शिकले आहे, आता पत्रकार आहे. ललितेतर पुस्तकांमध्येच पुढचं काम करायचं आहे. पहिलं पुस्तक संगीतावर करावं, की त्यानं 'संगीतवाली' असा शिक्का बसेल?

शिक्क्याची भीती खरी आहे, पण तिच्यापायी हातातली किल्ली टाकून देऊ नका. गाण्यातल्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलता येणं, कोण थोर आणि कोण नुसता गाजलेला हे कळणं, कुणाच्या घरी जुनी ध्वनिमुद्रणं असतील याचा अंदाज असणं ही बाहेरच्या पत्रकाराला काही वर्षं घालवून मिळणारी गोष्ट आहे. शिक्का बसतो तो विषयामुळे कमी, प्रश्नामुळे जास्त. 'अमुक गायिकेची गायकी' या पुस्तकानंतर लोक तुमच्याकडून दुसऱ्या गायिकेवरचं पुस्तक मागतील. 'वाद्यं बनवणाऱ्यांचं काय झालं', 'ध्वनिमुद्रण आल्यावर गाण्याची लांबी का बदलली' असल्या पुस्तकानंतर मात्र हीच बाई कामगार, तंत्रज्ञान, बाजार यांवर लिहू शकेल, हे संपादकाला आपोआप दिसतं.

कागदाचे तीन रकाने पाडा. पहिल्यात गाण्यातून मिळालेली माहिती, दुसऱ्यात त्यातून आलेल्या सवयी (एकच ओळ पन्नास वेळा घोटण्याची तयारी, चूक ऐकू येणं, गुरूनं झापल्यावर पुन्हा बसणं), तिसऱ्यात माणसं. पहिला रकाना एका-दोन पुस्तकांत संपतो. पुढची पुस्तकं दुसऱ्या रकान्यावर उभी राहतात, आणि नेमका तोच लोक लिहायला विसरतात. मराठीतच बघा. अनिल अवचट चित्रं काढत, बासरी वाजवत, लाकडात कोरीवकाम करत, ओरिगामी करत. या छंदांवर त्यांनी लिहिलं, पण त्यांचं मोठं काम सामाजिक प्रश्नांवरच्या रिपोर्ताजचं. द. ग. गोडसे चित्रकार आणि नेपथ्यकार होते. कलेवर लिहिता लिहिता ते इतिहासाकडे गेले, आणि चित्र, शिल्प, वेशभूषा हे इतिहासाचे पुरावे म्हणून वाचत गेले.

पहिल्या पुस्तकाआधी हजार-बाराशे शब्दांचे चार-पाच लेख वेगवेगळ्या कोनांतून प्रसिद्ध करा. ज्या लेखानंतर तुम्हालाच आणखी प्रश्न पडले, पुस्तक त्या विषयाचं. प्रकाशकाकडे जाताना पाचशे शब्दांत विषय, प्रकरणांची यादी आणि प्रत्येकाखाली तीन-चार ओळी, एक पूर्ण प्रकरण, आणि 'हे मीच का लिहावं' यावर एक परिच्छेद. गाण्याचं शिक्षण या परिच्छेदात येतं, प्रस्तावनेत नाही.

आता ज्या गोष्टी हटकून बिघडतात त्या. स्वतःच्या गुरूवर किंवा गुरुबंधूंवर लिहायचं असेल तर नातं पहिल्या दोन पानांत सांगून टाका, आणि त्या भागापुरता मसुदा त्या घराण्याशी संबंध नसलेल्या जाणकाराला दाखवा. तो नाराजीच्या खुणा करेल तिथे बहुधा भक्ती जास्त झालेली असते. परिभाषेसाठी दोन वाचक हवेत, एक गाणारा आणि एक अजिबात न ऐकणारा. गाणाऱ्याला चूक सापडू नये, दुसऱ्यानं कुठे पान उलटून मागे जाऊ नये. दोघांनाही एकाच वेळी मसुदा देऊ नका. आधी गाणाऱ्याच्या दुरुस्त्या, मग दुसऱ्याकडे. उलट केलं तर दुरुस्त्यांमधून परिभाषा परत आत शिरते. जुनी छायाचित्रं आणि चित्रं छापायची असतील तर मालकाची परवानगी वेगळी आणि हक्कधारकाची वेगळी असू शकते. फोटो ज्यांच्या कपाटात आहे त्यांच्याकडे त्याचे हक्क असतीलच असं नाही. लेखी विचारा, आणि पत्रात आवृत्ती, भाषा, छापील की डिजिटल हे तिन्ही लिहा. परवानग्यांना प्रकरणं लिहिण्याइतकाच वेळ जाऊ शकतो. मसुदा निम्मा झाला की पत्रं पाठवायला लागा.

प्रश्न : पुस्तकाच्या मलपृष्ठावर लेखक-परिचयात कलेचा उल्लेख करावा का?

पुस्तक वाचताना त्याचा उपयोग होत असेल तरच. रंगमंचावरच्या प्रकाशयोजनेचा इतिहास लिहिलात आणि स्वतः दहा वर्षं प्रकाशयोजना केलीत, तर पहिल्याच वाक्यात. 'लहानपणापासून कलेची आवड' हे वाक्य कुठल्याही परिचयातून काढता येतं, आणि काढल्यावर कुणाच्या लक्षातही येत नाही. सगळा परिचय पन्नास-साठ शब्दांत बसवा.

प्रश्न : वय ४१, हिशेबतपासनीस. लहानपणी कुठलीच कला केली नाही. सार्वजनिक खर्चावर लिहायचं आहे. ही उणीव आता भरून निघेल?

पुष्कळशी. लहानपणी कला केलेल्यांकडे दोन गोष्टी जास्त असतात: तास, आणि वाईट करण्याची लाज नसणं. तास थोडेफार भरून काढता येतात. लाजेचं जरा अवघड आहे. न जुळणारी बेरीज तुमच्या नजरेला लगेच खटकते, ही उपजत नव्हे तर कमावलेली दृष्टीच आहे. तुम्हाला जोड हवी आहे ती माणसं आणि जागा बघण्याची.

एकच कला घ्या. चित्र सर्वांत सोयीचं, कारण त्याला साथीदार लागत नाही. रोज वीस मिनिटं, बारा आठवडे. पहिले चार आठवडे स्वतःचा हात, बूट, किल्ल्यांचा जुडगा अशा वस्तू, कागदाकडे न बघता. पुढचे चार आठवडे वाट बघत उभ्या असलेल्या माणसांची एकेका मिनिटाची रेखाटनं; चेहरा नको, भार कुठल्या पायावर आहे आणि खांदे कुठे झुकलेत तेवढं पकडायचं. शेवटचे चार आठवडे एखाद्या कार्यालयाचा वरून नकाशा आणि त्याखाली १५० शब्द: रांग कुठून सुरू होते, खिडक्या किती, त्यांतल्या उघड्या किती. सार्वजनिक खर्चावरच्या लेखाला याहून चांगली सुरुवात सापडणं कठीण. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडतात, कारण चित्रं सुधारत नाहीत. ती सुधारण्यासाठी हा सराव नाहीच, तेव्हा कुणाला दाखवू नका, पण फाडूही नका. तारखा घालून ठेवा.

सरावाला बसण्याआधी कुठल्याही एका जागेवर शंभर शब्द लिहून पाकिटात बंद करा. बाराव्या आठवड्यानंतर त्याच जागेवर पुन्हा शंभर शब्द लिहा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून मोजा: नामं किती, संख्या किती, विशेषणं किती. पहिली दोन वाढली आणि तिसरी घटली असतील तर हाच क्रम आणखी तीन महिने चालू ठेवा. फरक दिसला नाही, तर चित्र सोडून एखाद्या नाट्यवाचनाच्या गटात जा. काहींचा डोळा कानाच्या मागून जागा होतो.